एक्केचाळीस गोष्टींचं तिकीट

जुन्या माहितीपत्रकात, तिकिटाच्या किमतीत काय काय मिळेल त्या यादीत, एक्केचाळीस गोष्टी होत्या. मी दोनदा मोजल्या, कारण पहिल्यांदा चाळीसच आल्या होत्या. 'उशा' आणि 'जादा उशी' या वेगळ्या ओळी आहेत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. समुद्र दिसणारी खोली, सात रात्री, तीन वेळचं जेवण हे तर होतंच. त्याखाली पोहण्याचे दोन तलाव, वाचनालय, पत्र लिहायचे कागद, खोलीत फोन, दिवसाचा कार्यक्रम छापून दाराखालून सरकवलेला कागद, जेवणाला रोज तेच टेबल आणि तोच वाढपी, सकाळी खोलीची सफाई, आणि संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यान खोलीसेवकाची दुसरी फेरी: चादर उलटून ठेवणं, पाण्याचा जग भरणं, पडदे ओढणं.

पत्रक चौदा वर्षांपूर्वीचं. मावशीने ते शिवणयंत्राच्या खणात, रिळांच्या खाली जपून ठेवलं होतं. काका गेल्याला आता सहा वर्षं झाली. त्या दोघांनी आयुष्यात एकच मोठी चैन केली, ती हीच सफर.

त्याच जहाजाची, त्याच सात रात्रींची आजची यादी मला पाठ होती, कारण त्या जहाज कंपनीत ती मीच लिहिते. तिच्यात चौदा गोष्टी आहेत. एक्केचाळिसांपैकी एकोणीस आता वेगळे पैसे भरून मिळतात आणि आठ कुठल्याच किमतीला मिळत नाहीत. भाडं मात्र चौदा वर्षांत अकरा टक्क्यांनी कमी झालंय.

"कमी?" मावशी चष्म्यावरून बघत म्हणाली. "का गं मोजपट्टी, जहाज लहान केलं की समुद्र?"

"दोन्ही तेवढेच आहेत."

"मग कापलं कुठून? चाळीस वर्षं कपडे शिवलेत मी. तेवढ्याच मापाचा झगा कमी पैशात निघाला, की समजायचं आतून कापड खाल्लंय. शिवणीत जी माया सोडतात ना, तिथून. बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही. पहिल्यांदा जोरात वाकलं की कळतं."

मी हसले. कर्मचाऱ्याच्या नातेवाइकाला मिळणारी सवलत लावून मी तिचं तिकीट काढलं. सातव्या मजल्यावरची खोली, क्रमांक सात हजार दोनशे सोळा. तिने तीन नवे झगे स्वतःच शिवले आणि शेजारणीला कुंड्यांना पाणी घालायला सांगून रविवारी निघाली. तिला एकाहत्तरावं लागलं होतं. माझी कॉलेजची तीन वर्षं मी तिच्याच घरी काढली आणि माझी फी तिने ब्लाउजांच्या काजांमधून उभी केली.

आमच्या कचेरीचं काम थोडक्यात सांगते. जहाजावरची एखादी सोय काढायची की ठेवायची, हे आम्ही चर्चेने ठरवत नाही. मोजून ठरवतो. एका जहाजावर, एका सफरीत ती सोय कुणाला न सांगता बंद करायची आणि तक्रारी मोजायच्या. शंभरात एकाहून कमी तक्रारी आल्या, तर ती सगळ्या जहाजांवरून काढायची. याला आम्ही गुपचूप चाचणी म्हणतो. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन मी इथे लागले तेव्हा ही पद्धत मला फार आवडली. मतं नाहीत, आकडे आहेत. गेल्या सव्वादोन वर्षांत ज्या पाच गोष्टी यादीतून गेल्या त्यांच्या चाचण्या माझ्या. जेवणाचं ठरलेलं टेबल, खोलीतला फोन, दाराखालचा कागद, स्वागतकक्षाच्या सहापैकी चार खिडक्या, आणि संध्याकाळची फेरी.

संध्याकाळच्या फेरीच्या चाचणीत दोन हजार दोनशे आठ प्रवासी होते. तक्रारी आल्या अकरा. अर्धा टक्काही नाही.

त्या वेळी एकच माणूस माझ्याशी वाद घालायला आला होता. कचेरीत त्यांना सगळे मामा म्हणतात. बारा वर्षं जहाजावर खोलीसेवक होते, गुडघे गेल्यावर कंपनीने त्यांना किनाऱ्यावर सेवकांच्या पाळ्या लावायला बसवलं.

"बाई," ते मला मुद्दाम बाई म्हणतात, मी त्यांच्या मुलीहून लहान आहे, "ही फेरी काढू नका."

"का मामा?"

"आम्ही काय चादर उलटायला जायचो होय? चादर माणसाला स्वतःला उलटता येते. आम्ही माणूस बघायला जायचो."

"म्हणजे नक्की काय बघायचात?"

"आता ते कसं सांगू? सकाळी भरलेला जग संध्याकाळी तसाच भरलेला आहे का. चपला जिथे होत्या तिथेच आहेत का. दार वाजवल्यावर 'या' म्हणतात तो आवाज कालचाच आहे का."

"याची कुठे नोंद ठेवायचात?"

"नोंद कसली? बघायचो आणि काही वाटलं तर खाली डॉक्टरला सांगायचो."

"वर्षातून किती वेळा?"

मामांनी बोटं मोजली, मग सोडून दिलं. "कुणी मोजलंय बाई."

जे मोजलेलं नाही ते मला अहवालात घालता आलं नाही. हे मी तेव्हाच त्यांना सांगितलं होतं आणि त्यांनी मान हलवली होती, पटल्यासारखी नव्हे, ऐकल्यासारखी.

सोमवारी दुपारी पहिल्या बंदरावरून मावशीचा आवाजी निरोप आला.

"पोचले गं. इथल्या चहाच्या दुकानात इंटरनेट फुकट आहे म्हणून बोलतेय. खोली छान आहे. जेवायला रोज वेगळं टेबल आणि रोज वेगळी माणसं. काल एका बाईंना माझं सगळं आयुष्य सांगून टाकलं, आज त्या कुठे गायब झाल्यात काही पत्ता नाही. एका अर्थी बरंच झालं म्हणा. आणि ऐक, त्या ॲपमध्ये 'खोलीची सफाई नको' वर टिचकी मारली तर आठ कॉफी फुकट देतात! मी एकटी बाई, कचरा करून करून किती करणार? मारली टिचकी. तुझी मावशी फुकटचं सोडते होय? कालपासून छातीत जरा जळजळतंय, जेवण जड असणार. आता तीन दिवस नुसता समुद्र. जहाजावरच्या इंटरनेटचा भाव बघितला आणि मोठ्याने हसले, लोक बघायला लागले. शुक्रवारी दुसरं बंदर आलं की बोलू. जेवत जा वेळेवर."

मी लगेच लिहिलं: जळजळ अंगावर काढू नकोस, जहाजावर डॉक्टर आहे, दाखव. निरोपापुढे एकच खूण उमटली. ती जहाजावर परत गेली असणार. दुसरी खूण शुक्रवारपर्यंत उमटणार नव्हती, हे मला माहीत होतं.

सफाईच्या बदल्यात कॉफी ही कल्पनाही आमच्याच कचेरीची. नेहमीची सफाई आता तीन दिवसांतून एकदा असते. तीही नको म्हणणाऱ्याला आठ कॉफी परवडतात. एका खोलीमागे वाचणाऱ्या वेळाचं गणित मी मांडलं होतं.

बुधवारी सकाळी साडेनऊला मी दारांची नोंद उघडली. हल्ली प्रत्येक खोलीचं कुलूप, दार आतून उघडो की बाहेरून, वेळ टिपतं, आणि तो तक्ता दर सकाळी सहापर्यंतचा आमच्याकडे येतो. आमच्या विभागप्रमुख मॅडमना एका सेवकाकडच्या खोल्या चौतिसावरून चाळीस करायच्या होत्या. म्हणून प्रवासी खोलीत कमीत कमी किती जातात-येतात ते मी बघत होते. मी तक्ता उतरत्या क्रमाने लावला: दार शेवटचं उघडल्यापासून गेलेला वेळ, सगळ्यात जास्त असलेला वर.

एक हजार एकशे चार खोल्या. चोवीस तासांच्या वर सहा. त्यांतल्या पाच विकल्याच गेल्या नव्हत्या, रिकाम्या होत्या.

सहावी सात हजार दोनशे सोळा. शेवटचं उघडणं सोमवारी संध्याकाळी सहा वाजून बावन्न मिनिटांनी. सकाळी सहापर्यंत पस्तीस तास आठ मिनिटं.

मी ती ओळ बोटाने धरून दोनदा वाचली. मग जे शिकले होते ते केलं: उपकरणाची चूक आहे का ते आधी तपासायचं. या हंगामात त्या जहाजावर चार कुलपांनी नोंद करणं बंद केलं होतं. हजारात चार. शक्यता लहान होती, पण मला ती हवी होती, म्हणून मी दुसरा पुरावा शोधला. तिच्या कार्डावरची खरेदी: शून्य. सफरभर काहीच न घेणाऱ्या प्रवाशांना आमच्याकडे 'कोरे' म्हणतात. मावशी पहिल्या दिवसापासून कोरी होती. जेवणघरात ठरलेलं टेबल नाही, म्हणून कोण आलं नाही याची नोंद नाही. फुकटच्या आठ कॉफींपैकी दोन वापरल्या होत्या, दोन्ही सोमवारी.

मंगळवारी तिने फुकटची कॉफी घेतली नव्हती.

खोलीत फोन नव्हता. मी जहाजाच्या स्वागतकक्षाचा क्रमांक लावला. ध्वनिमुद्रित बाईने गोड आवाजात सांगितलं की रांगेत माझ्या आधी एकतीस जण आहेत. सहाच्या दोन खिडक्या केल्यावर सरासरी किती थांबावं लागेल हे मीच काढलं होतं, अठ्ठेचाळीस मिनिटं. शेरा लिहिला होता: सहन होण्यासारखी.

मी फोन चालू ठेवूनच मामांच्या टेबलाशी गेले आणि तक्ता त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा शोधला, तो कपाळावरच होता.

"कोण आहे ही?"

"माझी मावशी."

मामांनी खणातून एक जुनी वही काढली, पानं उलटली आणि जहाजाच्या कपडेधुलाईचा थेट क्रमांक लावला. "तिथे माझा जुना जोडीदार आहे," ते म्हणाले. "उचलेल तो. त्याच्याकडे रांग नसते."

तीन मिनिटांनी त्याने उचलला. मामा कामाच्या आवाजात बोलले. सातवा मजला, दोनशे सोळा, त्या पट्ट्यातल्या खोल्या बघणारा पोरगा कोण, त्याला म्हणावं दार वाजव आणि आत जा.

थोडं ऐकून त्यांनी फोनवर हात ठेवला. "वाजवेल म्हणतो. आत जाता येणार नाही. त्याच्या कार्डावर फक्त आजच्या यादीतल्या खोल्या उघडतात. ही यादीत नाही. सफाई नाकारलेली आहे."

"मास्टर कार्ड?"

"आम्हा सगळ्यांकडे असायचं. आता फक्त सुरक्षा अधिकाऱ्याकडे, आणि त्याला इथून लेखी हुकूम लागतो."

हुकूम मॅडमच्या सहीने जातो. मी त्यांच्या खोलीत गेले तेव्हा त्या उभ्यानेच फळ कापून खात होत्या. मॅडम वाईट बाई नाहीत, हे आधीच सांगायला हवं. माझ्या पहिल्या आजारपणात त्यांनीच मला गाडीने घरी सोडलं होतं.

त्यांनी तक्ता नीट बघितला. "कुलूप बिघडलं असेल. असतात की चार-पाच."

"चार. हजारात चार, मॅडम."

"मग? पाचवं हे."

"तिच्या छातीत जळजळत होतं."

"जहाजावर पहिले दोन दिवस निम्म्या लोकांच्या छातीत जळजळतं गं, तीन वेळा पोट फुटेस्तोवर जेवतात." त्यांनी सुरी खाली ठेवली. "हे बघ, तिने सफाई नाकारली आहे. म्हणजे खोलीत शिरू नका, असं तिने लेखी कळवलंय. ते कलम तूच लिहिलंस. उद्या ती आंघोळीला गेलेली असेल आणि तीन माणसं दार उघडून आत शिरली, तर ओरडेल कुणावर? माझ्यावर. आणि आज तुझ्या मावशीसाठी उघडलं तर उद्या पाचशे भाचे-पुतणे फोन करतील."

"आंघोळ पस्तीस तास चालत नाही."

"तू फार जवळची आहेस या प्रकरणाला. एरवी तूच मला म्हणाली असतीस, एका आकड्यावर निर्णय घेऊ नका म्हणून."

हे खरं होतं. मी तसंच म्हणाले असते.

मामा दारात येऊन उभे राहिले. त्यांनी दार वाजवलं नव्हतं. एवढ्या वर्षांत मी त्यांना न वाजवता कुठल्याही खोलीत शिरताना बघितलं नव्हतं.

"पोराने तीनदा वाजवलं," ते म्हणाले. "नावाने हाक मारली. आत दूरदर्शन चालू आहे, आवाज येतोय. खाली फटीतून दिवा दिसतोय. शेजारच्या खोलीतल्या जोडप्याला विचारलं. ते म्हणाले, काल दिवसभर आणि रात्रभर तोच आवाज चालू होता, आम्हाला वाटलं, म्हाताऱ्या बाई आहेत, झोप लागत नसेल."

"त्यांनी कुणाला सांगितलं नाही?" मॅडमनी विचारलं.

"सांगायला गेले होते. खाली रांग होती. कंटाळून परत आले."

मॅडम मग खुर्चीत बसल्या आणि हुकूम लिहायला घेतला. बारा वाजायला वीस मिनिटं होती. लिहिताना त्यांनी मला दोनदा खोलीचा क्रमांक विचारला, समोर लिहिलेला असून.

हुकूम पोचल्याची नोंद बारा वाजून चार मिनिटांनी आली. त्यासोबत एक ओळ होती: दार उघडताना डॉक्टर हजर असणं बंधनकारक, डॉक्टर दोन वाजेपर्यंत रुग्ण तपासत आहेत. पूर्वी त्या जहाजावर दोन डॉक्टर होते. दुसरा माझ्या आधीच्या माणसाने कमी केला.

"मी सांगते त्यांना," मॅडम म्हणाल्या आणि फोन घेऊन बाहेर गेल्या. काचेतून त्या येरझाऱ्या घालताना दिसत होत्या. त्यांनाही फोनच्या रांगेत ठेवलं होतं.

मामांनी माझ्यासमोर पाण्याचा पेला आणून ठेवला आणि बाजूला बसले. "बाई, दोन घोट घ्या."

"मामा, तुम्ही असता तर कधी कळलं असतं?"

"असं विचारू नये."

"सांगा ना."

त्यांनी गुडघा चोळला. "सोमवारीच संध्याकाळी. मी सातव्या मजल्यावर सात-सव्वासातला असायचो," ते म्हणाले.

सहा बावन्न ते सात पंधरा. तेवीस मिनिटं.

हातांना काम हवं म्हणून मी संध्याकाळच्या फेरीच्या चाचणीची जुनी फाईल उघडली. त्या अकरा तक्रारी कुणाच्या होत्या ते मी तेव्हा खोलीनिहाय बघितलं होतं. अकराही दोन किंवा अधिक माणसांच्या खोल्यांतून आल्या होत्या. कुणाला गार पाणी हवं होतं, कुणाला उशीवरचं चॉकलेट. त्या सफरीत एकटे प्रवासी दोनशे बारा होते. त्यांच्याकडून एकही तक्रार नव्हती. खाली माझा निष्कर्ष होता, माझ्याच शब्दांत: एकट्या प्रवाशांना या सेवेची गरज नाही.

मामांना इंग्रजी फारसं येत नाही, पण आकडे येतात. त्यांनी दोनशे बारावर बोट ठेवलं, मग त्यापुढच्या शून्यावर, आणि माझ्याकडे बघितलं. मी फाईल मिटली.

एक वाजला. कचेरीतले लोक डबे घेऊन उठले. कुणीतरी मला जेवायला बोलावलं आणि मामांनी हातानेच नको म्हटलं. मावशीच्या निरोपापुढे अजून एकच खूण होती. मी तिचा आवाज पुन्हा लावला, 'मोठ्याने हसले, लोक बघायला लागले' इथपर्यंत ऐकला आणि थांबवला.

दोन वाजले. मॅडम आत आल्या, खुर्ची ओढून माझ्या बाजूला बसल्या आणि फोन टेबलावर ठेवून त्याचा आवाज मोठा केला. "डॉक्टर निघालेत," एवढंच म्हणाल्या.

फोनमधून लांब बोळातून चालण्याचा आवाज आला. तिघेजण असावेत. कुणीतरी दार वाजवलं, थांबलं, पुन्हा वाजवलं. मग कुलपाची बारीक शिट्टी, आणि एकदम दूरदर्शनवरच्या लोकांचं हसणं. कुणीतरी ते बंद केलं.

मग बराच वेळ काहीच नाही. मामा उभे राहिले होते.

"ऐकताय ना?" डॉक्टरांचा आवाज आला. तरुण वाटला, माझ्याच वयाचा असेल. "नोंदीसाठी सांगतो. कुणीतरी लिहून घ्या."

पेन माझ्याच हातात होतं. "सांगा," मी म्हणाले.

"दार उघडलं दोन वाजून सहा मिनिटांनी. खोलीचं तापमान बावीस पूर्णांक चार."

मी लिहिलं.

"शरीराचं तापमान बावीस पूर्णांक सहा."